शनिवारी थांबणारा घाणा

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, तेल गाळणारी काही घरं अशी होती की त्यांचा घाणा शनिवारी फिरत नसे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडलेला असे आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत तो पुन्हा जुंपला जात नसे. गावात दुसरे तेली होते, त्यांचे घाणे सोमवारी बंद असत, कारण सोमवार शंकराचा. गावाने आपल्या सोयीसाठी दोघांना नावं देऊन टाकली, सोमवार तेली आणि शनवार तेली. शनिवारच का, हे कुणी खोदून विचारलं नसावं. आपल्याकडे कुणी कुठला वार पाळतो याला कारण लागत नाही. पाळतात म्हणजे पाळतात.

या शनवार तेल्यांना स्वतःला तरी कारण कितपत सांगता आलं असतं, अशी शंका येते. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, इब्री भाषा जवळजवळ विसरली होती. पण बापाने पाळलं म्हणून मुलाने पाळलं, असं शतकानुशतकं चालत आलं. ही माणसं म्हणजे बेने इस्रायल. घरात मराठी बोलणारे, दिवेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर अशी गावावरून आडनावं लावणारे आपले ज्यू.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती गावकऱ्यांनी पुरू दिली. नवगावला ती जागा आजही दाखवतात. हे कधी घडलं यावर वाद आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ते इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात नेलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1897 साली लिहून तयार होतं, छापलं गेलं 1937 मध्ये. त्यांचा एक युक्तिवाद असा की हानुक्का हा सण या लोकांना ठाऊकच नव्हता, तेव्हा तो सुरू होण्याआधीच हे तिकडून निघाले असले पाहिजेत. तर्क म्हणून झकास आहे. इतिहासकार त्यावर मान डोलावतातच असं नाही.

जहाज केव्हा फुटलं यापेक्षा मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. जहाजाबरोबर सगळं बुडाल्यावर उरलं काय? मुख्यतः चार गोष्टी उरल्या. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती म्हणजे शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि 'शेमा' या प्रार्थनेचे काही शब्द. लग्न असो, सुंता असो की मयत, ते तेवढेच शब्द म्हणायचे, कारण दुसरे येत नव्हते. अब्राहामाशी देवाने केलेल्या कराराची खूण सुंता, आणि सिनायच्या डोंगरावर झालेल्या कराराची खूण शब्बाथ. शब्बाथाची आज्ञा देताना दावणीच्या जनावरालाही विसावा सांगितलेला आहे. म्हणजे घाण्याचा बैलही त्या करारात सामील होता, आणि त्याने तो बिनतक्रार पाळला.

मग दावीद राहबी आला. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी; बरेच अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्याशी घालतात. कोकणात शनिवार पाळणारे, सुंता करणारे लोक आहेत हे त्याच्या कानावर आलं. हे खरेच आपले का, हे पाहायला त्याने पोथी काढली नाही की पुरुषांची परीक्षा घेतली नाही. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली, सरमिसळ केलेली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून शिजवायला घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. राहबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून तयार केलं, ते समाजाचे पहिले काजी.

ही दंतकथा असेल. पण समाजाने स्वतःबद्दल सांगायला कुठली गोष्ट निवडली ते पाहा. धर्माच्या परीक्षेत पास झाल्या त्या चुलीपुढच्या बाया, आणि पेपर होता मासळीचा.

हा पेपर कोकणातली बेने इस्रायल मुलं पुढेही देत राहिली, रोजच्या बाजारात. आजीचा हात धरून जायचं. पापलेट चालतं, रावस चालतो. कोळंबी नाही, खेकडा नाही, तिसऱ्या नाहीत. मुशी माशासारखा मासा दिसतो खरा, पण त्याला आपण म्हणतो तसे खवले नाहीत, म्हणून नाही. बोट उलटं फिरवून खवला लागतो का ते बघायचं. समुद्राकाठी राहून कोळंबीला हात लावायचा नाही हा म्हटला तर जाच आहे, आणि शेजारच्या घरातून तिच्या कालवणाचा वास येत असताना तो जास्तच जाच असणार. पण लहान मुलाला नियमाइतकंच ओळखण्याचं वेड असतं. आपल्याला कळतं, शेजारच्या पोराला कळत नाही, याची ऐट काही कमी नसते. वर्ज्यावर्ज्याचा धडा या ऐटीवर बसवला की तो डोक्यात पक्का बसतो.

सणांचंही तसंच. ग्रंथातली नावं विसरली तरी सण राहिले आणि त्यांना मराठी नावं चिकटली. वर्षाच्या आरंभी नव्याचा सण, मग खिरीचा सण. उपवासाचा मोठा दिवस योम किप्पूर, तो दरफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून पांढऱ्या कपड्यांत घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दानधर्म करायचा, गणगोतांकडे जायचं. मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण वल्हांडण, तो अनाशी ढाकाचा सण, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्याचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि वालाचं बिरडं हाताशी. पुरीमला सरळ होळीचा सण म्हणत, कारण तो फाल्गुनातल्या पुनवेच्या आगेमागे येतो. 2025 साली होळी पेटली त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला. इब्री पंचांग आणि आपलं पंचांग दोन्ही चंद्रावर चालतात आणि दोघांनाही अधूनमधून अधिक महिना घ्यावा लागतो. छापील कालदर्शिका नसताना कोकणातल्या ज्यूंनी तिथी सांभाळल्या त्यात शेजाऱ्यांच्या पंचांगाचा हात असणार, असं मला वाटतं.

आता शुक्रवार. शब्बाथाच्या स्वागताला द्राक्षारस लागतो, तो कोकणात कुठून आणायचा? मग काळ्या मनुका भिजत घालायच्या, संध्याकाळी त्या कुस्करून, गाळून सरबत करायचं आणि त्यावर आशीर्वाद म्हणायचा. कुस्करायचं काम पोरांना द्यावं, कारण हात बरबटण्याची परवानगी असलेलं ते घरातलं एकमेव काम. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात; सूर्य बुडायच्या आत दिवा लागला पाहिजे. मांसाबरोबर दूध खायचं नाही हा नियम, म्हणून रश्शात नारळाचं दूध. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. ज्या नियमाने दुसरीकडे स्वयंपाकिणीला अडचणीत टाकलं असतं, त्या नियमाला कोकणातल्या माडाने सहज उत्तर दिलं. तो हलवा ज्याने खाल्ला आहे तो त्या नियमाबद्दल तक्रार करणार नाही.

पण मुलांना खऱ्या अर्थाने करारात ओढून आणतो तो मलिदा.

एलियाहू हानाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, जगभरच्या ज्यूंना पूज्य आहे. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. पण त्याच्या नावाने पोह्यांचं ताट मांडणारे बेने इस्रायल एकटेच. पोहे धुऊन भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा. भोवती फळं, मधोमध गुलाब किंवा सब्ज्याची डहाळी. आजारातून उठलं, नोकरी लागली, परदेशी निघालं, घर घेतलं, लग्न ठरलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाचा रथ तिथून आकाशात गेला आणि चाकांच्या नि घोड्याच्या टापांच्या खुणा राहिल्या, अशी श्रद्धा. नवस बोलायला आणि फेडायला आजही तिथे जातात. इस्रायलमध्ये स्थायिक झालेलेही सुट्टीला आले की जातात.

मलिद्याचं ताट हे चालतंबोलतं पाठ्यपुस्तक आहे. ज्यू धर्मात खाण्यापूर्वी आशीर्वाद म्हणतात आणि जिन्नस बदलला की आशीर्वाद बदलतो. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून आलेल्याचा वेगळा, सुगंधाचा आणखी वेगळा. म्हणजे ताटातलं प्रत्येक फळ हातात घेऊन ठरवायचं की हे कुणाचं. पनवेलच्या एका घरी मलिदा होता तेव्हा केळ्यावरून घोळ झाला. सात-आठ वर्षांची नात ठामपणे म्हणाली, झाडाचं. आजी म्हणाली, "नाही गो बाय, जमिनीचं." "आजी, परसात एवढं उंच झाड आहे!" "एकदा घड कापला की ते झाड ठेवतात का?" नात गप्प. केळीचा खांब दरवर्षी मरतो आणि बुंध्याशी नवा कोंब येतो, म्हणून धर्मशास्त्राने तिला झाडांत धरलेलं नाही. वनस्पतिशास्त्रही तिला झाड म्हणत नाही. आजीला या दोन्ही शास्त्रांशी कर्तव्य नव्हतं. तिने आयुष्यभर केळी लावल्या होत्या. नात मात्र त्या संध्याकाळी भेटेल त्याला केळीचं सांगत फिरत होती.

मुलं गोडाच्या आशेने येतात, असं कुणी नाक मुरडून म्हणेल. येऊ देत. शिक्षेच्या धाकाने पाळलेला नियम धाक संपला की संपतो, हे आपण मुंजीपासून रोज्यांपर्यंत सगळ्या धर्मांच्या घरांत पाहतो. जे पाळताना घर आनंदी दिसलं, ते मूल मोठेपणी स्वतःच्या घरात आणू पाहतं. नियमांची यादी पाठ असणं आणि पाळावंसं वाटणं यांत अंतर आहे, आणि बेने इस्रायलांकडे तर यादीही धड नव्हती. त्यांच्याकडे जे टिकलं ते पाळावंसं वाटलं म्हणूनच टिकलं.

मोठ्यांचेही करार होते. सामाजी हसाजी दिवेकर, इब्री नाव सॅम्युएल इझिकेल, कंपनी सरकारच्या फौजेत अंमलदार होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आख्यायिका सांगते की 'बनी इस्राईल'चा उल्लेख कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली. सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा त्यांचा नवस. 1796 साली त्यांनी मुंबईत शाआर हाराहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे सिनेगॉग बांधलं. समाजात त्याला जुनी मशीद म्हणतात, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात. रोज लाखो माणसं त्या नावाचं तिकीट काढतात.

पुढचं शतक शिकण्याचं. 1826 पासून कोचीनचे ज्यू शिक्षक येऊ लागले. दुसरीकडे ख्रिस्ती मिशनरींनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून इब्रीचं व्याकरण लिहिलं. हेतू धर्मांतराचा होता, हे लपलेलं नव्हतं. बेने इस्रायल पोरांनी ते व्याकरण घोकलं, मराठीतून आपल्या पूर्वजांची, अब्राहाम, मोशे, दावीद सगळ्यांची, ओळख करून घेतली, आणि बहुतेक सगळी मंडळी होती तिथेच राहिली. मिशनऱ्यांच्या नशिबी फी न मिळालेल्या शिक्षकाचं पुण्य आलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. केहिमकरांच्या पुढाकाराने 1875 मध्ये मुंबईत समाजाची शाळा निघाली, तिचंच नाव पुढे सर एली कदूरी हायस्कूल झालं. या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रेबेका रूबेन यांनी कित्येक वर्षं काम केलं.

या काळात आलेल्या दोन गोष्टी मुलांच्या दृष्टीने मोठ्या. पहिली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठीत आली. 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात ती इब्री-मराठी अशी शिळाछापावर निघाली. पुण्याच्या प्रतीत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बाया साड्या नेसलेल्या आहेत. त्या रात्रीचा सगळा विधी मुलांभोवती रचलेला आहे. धाकट्याने चार प्रश्न विचारायचे, आजची रात्र वेगळी का, भाकर अशी का, पाला कडू का, आणि घरातल्या थोरल्यांनी उत्तर म्हणून मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा सांगायची. प्रश्न आला नाही तर कथा सुरू होत नाही. हग्गाद्यात चार तऱ्हेची मुलं सांगितली आहेत आणि त्यांतलं चौथं ते, ज्याला विचारताच येत नाही. त्याला आपण होऊन सांगायचं. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकव, अशी आज्ञा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात आहे. ती ऐकायला फार कडक वाटते. पण खजुराचा गोड हारोसेत आणि कडू पाला एकाच घासात तोंडात गेला की शिकवणाऱ्याचं अर्धं काम जीभच करते.

दुसरी गोष्ट कीर्तन. 1880 च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात जुन्या करारातली आख्यानं बसवली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी, आर्या, आणि विषय योसेफाला भावांनी विहिरीत टाकल्याचा. श्रोत्यांत लुगडी नेसलेल्या आज्या नि पेंगुळलेली पोरं. योसेफ आपल्या भावांना ओळखतो पण भाऊ त्याला ओळखत नाहीत, हा प्रसंग कीर्तनकाराने लांबवला तर कुठलं पोर झोपेल? ज्यांनी लहानपणी अशी कीर्तनं ऐकली त्यांना योसेफ आजही मराठीतच बोलताना ऐकू येतो. शुद्ध धर्माच्या आग्रह्यांना हे उसनं वाटेल. मला तो या समाजाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मुलांना जी चाल गुणगुणता येते तीच द्यावी.

सगळंच गोड नव्हतं. समाजात गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता आणि त्याने पिढ्यांना दुखावलं. 1948 नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली, दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसली, आणि तिथल्या धर्मपीठाने 1960 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनाच विचारलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आजी-पणजीची वंशावळ तपासू म्हणाले. ज्यांनी ग्रंथावाचून, रब्बीवाचून शनिवार राखला, त्यांच्याकडे कागद मागण्यात आला. राहबीने तरी मासळी दिली होती. जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितल्यावर प्रकरण निवळलं. त्या पिढीतली माणसं हे आठवताना अजून आवाज चढवतात.

इकडे संख्या आटली. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला समाज भारतात आता चार-पाच हजारांवर आला आहे, बहुतेक मुंबई-ठाण्यात. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये ते जमवायला फोन फिरवावे लागतात. शनिवारी परीक्षा आली, शनिवारी ऑफिस आलं की काय करायचं, यावर घराघरांत वेगळी उत्तरं आहेत. काही जण जातात, काही रजा टाकतात, काही गाडीत बसून मनातल्या मनात शेमा म्हणतात. ठाण्यातल्या एका बापाने मला सांगितलं, "शुक्रवारचा दिवा आणि सरबत चुकवत नाही. शनिवारचं मुलांनी मोठेपणी ठरवावं." तो बाप हार मानतो आहे असं मला वाटलं नाही. त्याच्या खापरपणजोबांनाही सगळं येत नव्हतंच.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. तिकडे इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आलं, आणि महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रमही होतात. मलिदा तिथेही होतो. पोहे भारतीय वाण्याकडे मिळतात. नातवंडांना मराठी तुटक येतं, पण मलिदा, चिकाचा हलवा, हातबोशी हे शब्द त्यांच्या इब्रीत जसेच्या तसे आहेत. हातबोशी म्हणजे सिनेगॉगमध्ये भेटल्यावर एकमेकांच्या बोटांना बोटं लावून मग ती आपल्या ओठांना लावायची. लहान मुलालाही ती मोठ्याइतकीच करायची असते, वाकून.

शेवटी एक विनंती. पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पुणे, मुंबई इथली कित्येक बेने इस्रायल घरं गेल्या साठ-सत्तर वर्षांत रिकामी झाली, विकली गेली. जाताना माणसांनी भांडी, ट्रंका, पुस्तकं शेजाऱ्यांना दिली. त्यांत कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या होत्या, शिळाछापाचे हग्गादे होते, बायकांनी मोडीत किंवा बाळबोधीत उतरून घेतलेली गाणी होती. आपल्या माळ्यावर, वाड्यात किंवा गावच्या वाचनालयात असं काही असेल, एका पानावर मराठी आणि शेजारी उजवीकडून डावीकडे वाचायची चौकोनी अक्षरं, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना दाखवा. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी जा.